शेरा : गिअर ठीक

अक्काचं लग्न झालं तेव्हा दाजी देवासला थोरल्या पातीच्या मोटारखान्यात मेकॅनिक होते. आमच्या गावात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, त्यामुळे मोटारखानेही दोन होते. आईवडील गेल्यावर अक्का मला आपल्या घरी घेऊन आली. तिला मूलबाळ नव्हतं. ती मला ‘अरे लेका’ म्हणायची आणि जेवताना माझ्या पानात न विचारता तूप वाढायची. दाजींनी मला हाताखाली घेऊन धंदा शिकवला, आणि विशी ओलांडल्यावर त्यांच्याच शब्दावर मी धाकट्या पातीच्या मोटारखान्यात लागलो.

दाजींची एक शिस्त होती. गाडी आली की लगेच पान्याला हात लावू द्यायचे नाहीत. आधी चालवणाऱ्याशी बोलायचं. गिअर टाकताना खरखर होते की टाकल्यावर आवाज येतो? गाडी थंड असताना होतं की तापल्यावर? चढावर की उतारावर?

“खरखर करतो म्हणून गिअरला दोष देऊ नकोस,” ते सांगायचे. “पाय पुरता दाबूनही क्लच सुटत नसेल तर बिचारा गिअर काय करील? आधी पायाखालचं बघ, मग गिअरची पेटी उघड. पेटी उघडणं सोपं असतं. उघडल्यावर माणसाला वाटतं आपण काम करतोय.”

एखादी गाडी उभी असताना घुमायची आणि क्लच दाबला की गप्प व्हायची. दाजी गिअरच्या दांड्यावर नुसता तळवा ठेवून डोळे मिटायचे आणि सांगायचे, पुढचं बेअरिंग. उघडून बघितलं की तेच निघायचं. मी हे सगळं त्यांच्याकडून घेतलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते अज्ञानातून केलं असं कुणाला वाटायला नको.

राज्यं विलीन झाली तसे दोन्ही मोटारखाने एक झाले. राजवाड्याच्या गाड्या काही गेल्या, काही उरल्या. नव्या सरकारी गॅरेजसाठी इंदूरकडून एक साहेब आले. उत्तरेकडचे होते, मराठी समजायचं पण बोलायचे हिंदी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं की मेकॅनिकची जागा एकच आहे. बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं.

दोन मोटारखान्यांचे मिळून आम्ही पाच जण होतो. खरं तर प्रश्न नव्हता. पाचांत दाजींच्या जवळपास जाणारा कुणी नव्हता, आणि हे पाचही जण जाणत होते. पण दाजींना चाळिशी लागली होती. दूरचं स्वच्छ दिसायचं, जवळचं पुसट. साहेबांनी त्यांच्या हातात एक बोल्ट देऊन त्यावरचा आकडा वाचायला सांगितला. दाजींनी तो लांब धरला, आणखी लांब धरला. साहेब म्हणाले, “मिस्त्रीजी, आप तो हाथ और लंबा करवा लीजिए.” दोन जण हसले. मी हसलो नाही, पण मान खाली घातली.

त्याच वेळी साहेबांची स्वतःची वॅगन बिघडलेली होती. लष्कराच्या लिलावातली गाडी, दणकट. पण उतारावर पाय उचलला की तिसरा गिअर आपोआप सुटायचा. दांडा धाडकन मध्ये यायचा आणि गाडी मोकळी पळायची. इंदूरला दोनदा पेटी उघडून झाली होती. स्प्रिंगा बदलल्या, दातांचं चाक बदललं, तरी तेच. साहेब म्हणाले, “जो इसको ठीक करेगा, वही रहेगा.”

बाकी तिघांनी पेटी उघडली आणि पुन्हा लावली. दाजी दोन दिवस नुसते गाडीतून फिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खड्ड्यात उतरवलं आणि स्वतः वर उकिडवे बसले.

“पेटीत दोष नाही,” ते म्हणाले. “पेटी जिथं क्लचच्या घराला टेकते ना, तिथं ती वाकडी बसलीये. केसभर. शाफ्ट सरळ रेषेत नाही, म्हणून पाय उचलला की गिअर स्वतःला बाहेर ढकलतो. मला तिथलं दिसायचं नाही. तू बघ.”

त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फाडून दिला. मी तो सांध्याच्या कडेनं फिरवत गेलो. तीन बाजूंना तो आत शिरेना. उजवीकडे वरच्या अंगाला अलगद गेला.

“गेला, दाजी.”

“मग समोरच्या बाजूला काठ उठलेला असेल. पूर्वी कुणी तरी छिन्नी घालून उचकटलंय. उतरव आणि बोट फिरव.”

पेटी उतरवली. खालच्या काठावर बोटाला लागेल न लागेल असा एक उंचवटा होता. मी कानशीनं तो साफ केला, दाजींनी बोट फिरवून दोनदा नापसंत केला, तिसऱ्यांदा म्हणाले, “बसव.”

दुपारी साहेब आले. गाडी घेऊन टेकडीच्या बाजूच्या उतारावर तीन फेऱ्या मारून परतले. दांडा जागचा हलला नव्हता. ते खाली उतरले. खूश होते. माझे हात कोपरापर्यंत काळे, दाजी फडक्यानं बोटं पुसत मागे उभे.

“किसने पकड़ा ये?” साहेबांनी विचारलं.

दाजी बोलले नाहीत. स्वतःचं स्वतः सांगायची त्यांना सवय नव्हती, राजवाड्यात कधी गरजच पडली नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगावं एवढंच त्या बघण्यात होतं.

मी म्हणालो, “मैंने, साहब.”

शब्द तोंडातून गेल्यावर मी थांबलो. पुढे काही जोडता आलं असतं. ‘दाजींनी सांगितलं, मी केलं,’ एवढं तर सहज. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी ते जोडलं नाही. दाजींनी खाली वाकून पाने उचलले आणि एकेक करून रॉकेलच्या डब्यात धुवायला घेतले. ते धुण्याचं काम खरं तर माझं होतं.

घरी अक्कानं त्या दिवशी श्रीखंड केलं होतं. जागा दाजींनाच मिळणार म्हणून. दाजींनीच तिला सांगितलं, “जागा भावाला मिळाली तुझ्या.” ती मलाच म्हणाली, “बरं झालं रे लेका. निदान घरात राहिली. ह्यांचे डोळे आता कुठं साथ देतात!” तिनं मला दोनदा वाढलं. दाजी नेहमीसारखे जेवले. त्यांनी तिला काहीच सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतर कित्येक वर्षं नाही.

महिन्याभरात ते कुक्षीला गेले. तिथल्या एका शेठची प्रवासी मोटर धारला जाऊन-येऊन असायची, तिच्यावर ड्रायव्हर म्हणून. दूरचं दिसत होतं, गाडी चालवायला तेवढं पुरे. ज्या माणसाच्या तळव्याला बेअरिंग बोलायचं, तो माणूस कोंबड्या आणि गुळाच्या ढेपी वाहणारी मोटर हाकू लागला. अक्का देवास सोडताना रडली, पण मला म्हणाली, “भाऊबीजेला येशील ना रे?” मी दरवर्षी जायचो. ओवाळून घ्यायचो. सगळं नीट चाललं होतं असं तेव्हा म्हणायचो.

चार-पाच वर्षांनी माझी बदली धारच्या सरकारी गॅरेजला झाली. हाताखाली दोन माणसं होती, नाव झालं होतं. ‘ते वॅगनवाले’ अशी ओळख माझ्या आधी तिथं पोचली होती. मात्र नोकरी अजून कच्ची होती. कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता. देवासचे साहेब केव्हाच गेले होते, हे दुसरे.

जिल्ह्यातल्या खाजगी मोटरींची वर्षाची तपासणी धारला व्हायची. सही साहेबांची, पण गाडी खालून बघून वहीत शेरा लिहायचा तो मी. एक दिवस कुक्षीची ती मोटर आली. चालवत अर्थात दाजी होते. शेजारी शेठ बसलेले.

दाजी उतरले. डावा खांदा खाली पडलेला दिसला. शेठ साहेबांच्या खोलीत गेल्यावर ते मला मोटरच्या पलीकडे घेऊन गेले.

“ही पास करू नकोस,” ते म्हणाले.

“काय झालंय?”

“दुसरा आणि तिसरा, दोन्ही उतारावर सुटतात. दात झिजून गोल झालेत, गिअर सरकवणारा काटा वाकलाय. वर्षभर मी डाव्या हातानं दांडा दाबून धरून उतरतोय. खांदा बघ माझा. कधी दांडा ट्यूबनं सीटला बांधतो. ब्रेक आधीच अर्धे. शेठना सांगून थकलो, ते म्हणतात, चलती है ना भिया, चलने दो. तू ‘ठीक’ लिहिलं नाहीस तर त्यांना पेटी बदलावी लागेल. दुसरा इलाज नाही.”

मी मोटर चालू केली. आवाज जवळजवळ नव्हता. इतक्या जुन्या पेटीला इतका मऊ आवाज असत नाही. खाली शिरलो, तेल भरायचं बूच उघडून बोट आत घातलं. घट्ट वंगण निघालं, आणि त्यात चिमटीत टोचणारा लाकडाचा भुसा. गाडी विकताना लबाड लोक हे करतात. भुसा वंगणात कालवून पेटीत भरला की झिजलेले दात चार दिवस गप्प बसतात.

“भुसा आहे, दाजी.”

“शेठनी काल भरून घेतलाय. माझ्यासमोर.”

मी बोट पुसून साहेबांकडे गेलो. शेठ पाय लांब करून चहा पीत होते. मी म्हणालो, “साहब, गिअर में खराबी है. पेटी खोलनी पड़ेगी.”

साहेब शेठकडे बघून हसले, मग माझ्याकडे वळले. “आज ही पास करनी है. हाट का सीज़न है, लोग क्या पैदल जाएँगे?” आणि हात सहज टेबलावरच्या कागदांवर ठेवून म्हणाले, “आपका भी कुछ पड़ा है ना यहाँ? इस हफ़्ते देख लेता हूँ.”

त्यांनी धमकी दिली असं म्हणता येणार नाही. आवाजही चढवला नाही. मी बाहेर आलो, वही उघडली आणि लिहिलं : ब्रेक ठीक, गिअर ठीक. शाई वाळायला दौतीजवळचा टिपकागद दाबला. दाजी दारातून बघत होते. मी वही मिटली तेव्हा त्यांना कळलं.

“लिहिलंस?”

“दाजी, माझा कागद...”

त्यांनी पुढचं ऐकलं नाही. ते सरळ शेठकडे गेले, मोटरची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मैं नहीं चलाऊँगा.” शेठ म्हणाले, “मत चलाओ. बहुत हैं चलाने वाले.” त्या दिवशी शेठनी मोटर दुसऱ्या कुणाकडून चालवून नेली आणि दाजी कुक्षीला परत जायला नाक्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघत उभे राहिले. मी त्यांना चहा विचारायला गेलो नाही. गॅरेजच्या खिडकीतून ते दिसत होते.

त्या आठवड्यात मी कायम झालो.

मोटर नव्या ड्रायव्हरनं जेमतेम दोन महिने चालवली. डही गावचा माणूस, नुकता लग्न झालेला, त्या रस्त्याला नवा. बाजाराच्या दिवशी भरून निघाला होता. बाग गावाच्या अलीकडच्या उतारावर गिअर सुटला. दांडा दाबून धरायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि हात पुरला नसेल. ब्रेक तापून गेले, मोटर वळणावर नाल्यात उलटली. तीन माणसं मेली. त्यातली एक बाजाराला निघालेली भिल्ल बाई होती, तिच्या टोपलीतली मोहाची फुलं नाल्याच्या पाण्यावर पसरली होती असं बघून आलेला माणूस सांगत होता. मला ते ऐकायचं नव्हतं, तरी मी पूर्ण ऐकलं.

चौकशी कुक्षीच्या तहसील कचेरीत झाली. मला वही घेऊन बोलावलं होतं. नवा ड्रायव्हर डोक्याला पट्टी बांधून कोपऱ्यात बसला होता. चौकशीचे अधिकारी सभ्य होते, घाईत होते. त्यांनी वही बघितली, मला दोन प्रश्न विचारले आणि जवळजवळ संपलंच होतं, तेवढ्यात दाजी आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अंगात राजवाड्याच्या नोकरीतला जुना कोट होता, कोपरांशी विरलेला.

“मला सांगायचंय,” ते म्हणाले, मग हिंदीत वळून, “साहब, वो गाड़ी मैं चलाता था. गिअर एक साल से छूट रहा था. पेटी में भूसा भरा था. मैंने तपासनेवाले को बताया था. उसने उँगली डालके देखा भी था.”

अधिकाऱ्यांनी विचारलं, “किसको बताया था?”

दाजींनी माझ्याकडे बोट केलं नाही. नुसतं बघितलं.

“इनको?” अधिकारी माझ्याकडे वळले. “आपको बताया था इन्होंने?”

खोलीत पंखा नव्हता. माझ्या हाताखाली वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर घामानं ओलं झालं होतं. मी डहीच्या त्या माणसाकडे बघितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, तहानलेल्या माणसासारखा.

“नहीं साहब,” मी म्हणालो. “मुझे कुछ नहीं बताया.”

मग दाजींना विचारलं, लेखी काही आहे का. नव्हतं. नोकरी का गेली? त्यांनी सांगितलं, मी सोडली. शेठ मागून म्हणाले, “साहब, इनको तो मैंने निकाला था. आँख से दिखता नहीं.” कुणी तरी हसलं. अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला आणि दाजींना सही करायला सांगितलं. त्यांनी तो लांब धरला, वाचता आला नाही, तसाच सही न करता परत ठेवला.

ठपका ड्रायव्हरवर आला. बेपर्वाईनं गाडी हाकली. पुढे त्याला सजा झाली. शेठची दुसरी मोटर महिन्याभरात त्याच रस्त्यावर आली.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी दाजींना गाठलं. काय बोलणार होतो मला माहीत नाही. तेच म्हणाले, शांतपणे म्हणाले, “देवासला मी गप्प बसलो, ती माझी चूक. वाटलं, लेकरू आहे, पोट भरू दे. तेव्हाच बोललो असतो तर तू असा झाला नसतास.”

“दाजी, अक्काला...”

“तिला आज सांगतो. सगळं. इतकी वर्षं तिच्या भावाला सांभाळलं मी. आता नाही.”

त्या भाऊबीजेला मी कुक्षीला गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या म्हातारबुवांनी सांगितलं, दोघं उदयनगरकडे गेलीत. जंगलात लाकडाचा ठेका घेतलेल्या कुणा माणसाच्या लॉऱ्या आहेत, त्या सांभाळायला मिस्त्री हवा होता.

उदयनगरला जायला मला दीड वर्ष लागलं. रस्ता वाईट होता, रजा मिळत नव्हती. पण खरं कारण ते नव्हतं. शेवटी एकदा उन्हाळ्यात लाकडाच्या लॉरीतूनच गेलो. सागाच्या ओंडक्यांच्या थप्प्या, मध्ये पत्र्याची छपरी, बाजूला मातीचं दोन खोल्यांचं घर. दाजी एका लॉरीखाली आडवे होते. माझे बूट त्यांना दिसले असणार, पण हातातलं काम संपेपर्यंत ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा होता.

“रस्ता कसा होता?” त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाला विचारावं तसं.

मी वर्षभर मनात जुळवलेलं सगळं बोललो. देवासचं, वहीचं, कुक्षीचं. कबूल केलं, माफी मागितली. रडलोही. दाजी चष्मा काढून पुसत राहिले.

“हे मला कशाला सांगतोस? मला हे सगळं माहीतच आहे,” ते म्हणाले. “तो डहीचा माणूस सुटला का?”

“माहीत नाही.”

“त्याची बायको कुठं असते?”

“मी... चौकशी केली नाही.”

“मग तू माफी कसली मागायला आलास?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते पुन्हा लॉरीखाली गेले.

अक्का दारात आली. केस पिकले होते. मी पाया पडायला वाकलो तशी ती दोन पावलं मागे सरली. पदर डोक्यावरून घेतला, परक्या पुरुषासमोर घेतात तसा.

“बसा,” ती म्हणाली. “चहा घेणार का तुम्ही?”

मी ओसरीवर बसलो. कप-बशी तिनं माझ्या हातात दिली नाही, जवळच्या लाकडी फळीवर ठेवली. मी म्हणालो, “अक्का, अगं अशी काय बोलतेस माझ्याशी?” ती म्हणाली, “उन्हाचं आला आहात. लॉरी चारला परत निघते, ती चुकवू नका.” आणि आत गेली. आतून पुन्हा भांड्यांचा आवाजसुद्धा आला नाही. चहा मी प्यायलो. साखर बरोबर होती, मला लागते तेवढीच, दोन चमचे. हात विसरला नव्हता तिचा.

मी चारच्या लॉरीनं निघालो. त्यानंतर पत्रं घातली, उत्तर एकाचंही नाही. धारच्या गॅरेजात मी पुढे फोरमन झालो. अक्का त्या भेटीनंतरच्या वर्षी कावीळ होऊन गेली, आणि ते मला लाकडं घेऊन धारला आलेल्या एका लॉरीवाल्याकडून, बोलता बोलता, तिचे दिवस होऊन गेल्यावर कळलं. मी त्याला विचारलं, मिस्त्री कसे आहेत? तो म्हणाला, “मजे में हैं भिया,” आणि क्लच ओढतोय, जरा बघून द्या म्हणाला. मी बघून दिलं.